कुणाची कुणाला सोबत

श्रीरंग केळुसकर निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावून टाकले. जयवंतीबाई बाजारातून आल्या, भात टाकायला गेल्या, तांदळाच्या डब्यात हात घातला तर हाताला साबुदाणा लागला. तांदूळ वरच्या फळीवर गेले होते, कारण त्यांचा डबा उंच होता. मोहरी, जिरं आणि रांगोळी शेजारी शेजारी बसली होती, कारण ते तिन्ही डबे एका मापाचे होते.

"आता शोधायला सोपं जाईल," केळुसकर म्हणाले.

"मी कधी शोधत नव्हते," जयवंतीबाई म्हणाल्या. "मला ठाऊक असायचं."

नव्वदचं दशक सरत आलं होतं. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला तेव्हा रोज एखादी नवी इमारत उभी राहायची, पण स्टेशनवरून एसटीत बसून थोडं पुढे गेलं की अजून केळीच्या बागा लागायच्या आणि खिडकीतून ओल्या मातीचा वास यायचा. केळुसकरांनी हे काही पाहिलं नव्हतं. फोर्टातल्या एका विमा कंपनीत त्यांचा जन्म गेला होता. स्वतःचं घरसुद्धा त्यांनी फक्त रात्री आणि रविवारी पाहिलेलं. आता ते दिवसाउजेडी दिसू लागल्यावर त्यांना त्यात सुधारणेला पुष्कळ वाव आढळला. डब्यांनंतर त्यांनी दुधाची पिशवी कापण्याची योग्य पद्धत शोधून काढली. मग कामवाल्या कमळीला केर कोणत्या कोपऱ्यापासून काढायचा ते समजावून सांगितलं. कमळीने शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. त्याच संध्याकाळी जयवंतीबाईंनी स्वप्ना चुरीचं दार गाठलं.

स्वप्ना सकाळी शाळेत शिकवायची आणि दुपारनंतर एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत 'सोबत' नावाची संस्था चालवायची. गावांतल्या ज्या म्हाताऱ्या माणसांची मुलं आखातात नाहीतर कॅनडात गेली होती, त्यांच्याकडे रोज कोणीतरी तासभर जाऊन बसायचं, एवढंच संस्थेचं काम. कल्पना इतकी सोपी होती की उद्घाटनाला खुर्च्या पुरल्या नाहीत आणि आलेल्या सगळ्यांनी स्वयंसेवक म्हणून नावं दिली. मग एकेकाचं सुरू झालं. एका गृहस्थांना बसायचं नव्हतं, भाषण करायचं होतं. एका बाईंची सेवेला ना नव्हती, पण ती स्वतःच्याच इमारतीत आणि पहिल्या मजल्यापर्यंतच. रामनाथ नावाच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी त्यांच्या वाट्याला आलेल्या आजोबांना रमी शिकवली. आजोबा रोज जिंकू लागले तशी पोस्टमास्तरांना संध्याकाळची चक्कर यायला लागली. आत्माराम राऊत तर पहिल्याच दिवशी तणतणत परत आले. ज्यांच्याकडे गेले ते त्यांच्याच आजोळचे निघाले होते, आणि कोणा मामाच्या लग्नात कोणी कोणाला पाट मांडला नव्हता हे दोघांनाही स्वच्छ आठवत होतं. दिवाळीपर्यंत स्वप्नाकडे कापडी फलक तेवढा शिल्लक राहिला. स्वयंसेवक एकही नव्हता.

म्हणून जयवंतीबाई जेव्हा म्हणाल्या की आमचे हे येतील, रोज येतील, लांब पाठवलंत तरी चालेल, तेव्हा स्वप्नाने त्यांना धरून खुर्चीवर बसवलं आणि चहा मागवला.

केळुसकरांना तिने समोर बसवून नियम सांगितले. समोरच्या माणसाला बोलू द्यायचं, आपण बडबड करायची नाही. तो प्रेमाने जे पुढे ठेवील त्याला नको म्हणायचं नाही. त्याला हाताने काही करावंसं वाटलं तर करू द्यायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आपण त्याची सेवा करतोय हे त्याला कधीही कळू द्यायचं नाही, एकट्या माणसाच्या ते मनाला लागतं. केळुसकरांनी ऑफिसात परिपत्रक ऐकावं तसं मान डोलवत ऐकलं. त्यांना जवळच्या वटार गावातल्या रोझी तुस्कानो नेमून दिल्या गेल्या.

आता रोझीमावशींबद्दल सांगितलं पाहिजे, कारण गोंधळाचं मूळ तिथे आहे. वय सत्तरीच्या अलीकडे, नवरा गेलेला, मुलगा रुडॉल्फ कुवेतला. घराभोवती केळी, भाजीचे वाफे, कोंबड्या. एका रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर फादरनी सांगितलं की एकट्या माणसांना सोबत देण्याचं काम सुरू होतंय, ज्यांना वेळ काढता येईल त्यांनी थांबावं. रोझीमावशी थांबल्या. स्वप्नाने तिथेही तेच नियम सांगितले आणि रोझीमावशींनी ते मन लावून ऐकले. नंतर त्या स्वप्नाला म्हणाल्या, "माझ्याकडे पाठव कोनालातरी. चार वाजल्यानंतर मी मोकळीच असते. घरात दुसरं कोन नाय." स्वप्नाने त्यांना सोबतीची गरज असलेल्यांत धरलं.

यात दोघींपैकी कोणाची चूक म्हणायची? शहरात सेवा करणारा माणूस चपला घालतो आणि दुसऱ्याच्या घरी जातो. वटारला उलटी रीत होती. तिथे मदत करणारा आपल्या घरीच असायचा. ज्याचं अडलंय तो चालत यायचा आणि ओट्यावर बसायचा. त्याला आधी खायला घालायचे आणि मगच काय झालं म्हणून विचारायचे. त्यामुळे माझ्याकडे पाठव म्हटल्यावर आपण सेवेला उभ्या राहिलो, हे वेगळं सांगावं असं रोझीमावशींच्या मनातही आलं नाही, आणि विचारावं असं स्वप्नाच्या.

ठरल्या दिवशी केळुसकर वटारला एसटीतून उतरले. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, हातात काही नाही. भर कामाच्या वेळी असा चांगला धडधाकट पुरुष एकटाच चालत येतोय हे पाहून रोझीमावशींनी घाईने ओट्यावरची खुर्ची पुसली.

"या, बसा," त्या म्हणाल्या.

केळुसकर ओट्यावरच्या खुर्चीत बसले आणि नियमाप्रमाणे त्यांच्या बोलण्याची वाट पाहू लागले. रोझीमावशी समोर बसल्या आणि नियमाप्रमाणे त्यांच्या बोलण्याची वाट पाहू लागल्या. केळीच्या पानांतून वारा जात होता. एक कोंबडी पायरीवर आली, तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि निघून गेली. तास झाला तसे केळुसकर उठले आणि येतो म्हणाले.

"फार खचलीय बिचारी," घरी आल्यावर त्यांनी जयवंतीबाईंना सांगितलं. "तासाभरात दोन शब्द बोलली."

तिकडे रोझीमावशी कुंपणापाशी शेजारच्या फेबियनला सांगत होत्या की मानूस शिकलेला आहे, घरचा बरा दिसतो, पन काहीतरी मोठं दुःख आहे, तोंडच उघडत नाय.

पोटात काही गेलं की माणूस बोलतो, असा रोझीमावशींचा जन्मभराचा अनुभव. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली गोड केळी, पुढे ठेवली. केळुसकरांना गोड फारसं आवडत नसे, पण नको म्हणायचं नव्हतं. त्यांनी संपवली. रोझीमावशींनी आणखी ठेवली. तिसऱ्या दिवशी तांदळाच्या गरम रोट्या आणि अंड्याची पोळी आली. तीही संपली. घरी खायला देत नसावेत, हे रोझीमावशींनी ओळखलं. बाईला कोणाला तरी खाऊ घालण्याची भूक आहे, हे केळुसकरांनी ओळखलं. दोघंही एकमेकांसाठी मन घट्ट करून पुढे चालले.

खाताना चांगलं झालंय एवढं तरी म्हणावंच लागतं, त्यातून एकदाचं बोलणं सुरू झालं. केळुसकर विम्याबद्दल बोलू लागले. बुडालेलं गलबत, जळालेलं गोदाम, एकाच म्हशीचे तीनदा पैसे मागणारा शेतकरी. रोझीमावशी अधूनमधून "असं?" म्हणायच्या. म्हाताऱ्या बाईला विम्याची एवढी गोडी असेल असं केळुसकरांना वाटलं नव्हतं. मनातलं सगळं बाहेर पडू द्यावं, असं रोझीमावशींना वाटत होतं.

पुढे केळुसकरांनी बागेत काही मदत करू का म्हणून विचारलं. हाताने काहीतरी करू द्यायचं हे रोझीमावशींच्या पक्कं लक्षात होतं. त्यांनी वांग्याच्या वाफ्यातलं तण काढायला सांगितलं. केळुसकरांनी धोतराच्या सोग्यासारखा रुमाल कमरेला खोचला आणि मोठ्या निगुतीने वांग्याची सगळी कोवळी रोपं उपटली. तणाला मात्र कुठे धक्का लागला नव्हता, उलट त्याला आता मोकळी हवा मिळाली होती. रोझीमावशी ओट्यावर तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

"छान झालं," त्या म्हणाल्या.

"उद्या शेजारचा घेतो," केळुसकर म्हणाले.

त्या रात्री रोझीमावशींनी फेबियनशी बोलून ठरवलं की कडेचा एक वाफा त्यांच्यासाठीच राखायचा. सकाळी फेबियनने काहीबाही लावावं आणि चार वाजल्यानंतर त्यांनी ते उपटावं. फेबियनची कुरकुर होती, पण रोझीमावशींनी त्याला देवाच्या कामाची आठवण करून दिली.

उन्हाळा लागेपर्यंत केळुसकरांचा चेहरा पालटला. तीन वाजले की ते बूट पुसायला घ्यायचे. जिन्यात भेटेल त्याला सांगायचे की थांबायला वेळ नाही, रोझीबाईंना चार वाजता मी लागतोच. डबे पुन्हा आपापल्या जागी गेले होते आणि कमळी कामावर आली होती. रात्रीचं त्यांना जेवणही लागत नसे. जयवंतीबाईंना संसारात इतकं स्वस्थ कधी वाटलं नव्हतं.

आणि अशात एके दिवशी रोझीमावशी केळ्यांची फणी घेऊन स्वप्नाच्या खोलीत हजर झाल्या.

"बाय, तुमचा मानूस बरा झाला," त्या म्हणाल्या. "आता बोलतो, हसतो, पोटभर खातो. त्याला घरी पाठव आनि दुसरा दे. यापेक्षा जास्त बिघडलेला असला तरी चालेल."

स्वप्नाला आधी काही कळेना. मग एकदम सगळं कळलं आणि ती खुर्चीच्या पाठीला टेकली. रोझीमावशी सांगत होत्या की पहिल्या दिवशी कसा मुका होता, आता कसं गलबत बुडवतो, आणि एवढा चांगला झालेला माणूस उगाच आपल्याकडे अडकवून ठेवणं बरं दिसत नाही. स्वप्नाने कसंबसं सोमवारपर्यंत थांबायला सांगितलं आणि थेट केळुसकरांचं घर गाठलं. केळुसकर नुकतेच वटारला निघाले होते. जयवंतीबाईंनी सगळं ऐकलं आणि गॅस बंद केला.

"त्यांना सांगू नकोस," त्या म्हणाल्या.

"पण काकू, कधीतरी कळणारच."

"डब्यांचं मी सोसेन गं. पण सकाळी उठल्यावर ते काय विचारतात माहितीये? आज रोझीबाईंना कोणती गोष्ट सांगू म्हणून विचारतात. रिटायर झाल्यापासून ह्या माणसाला पहिल्यांदा उद्याचा दिवस हवासा वाटायला लागलाय. आणि त्यांना कळलं की ती बाई त्यांना पेशंट समजते, तर संपलंच. मग डबेसुद्धा लावणार नाहीत, नुसते खुर्चीत बसून राहतील पंख्याकडे बघत."

तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी जयवंतीबाई स्वतःच वटारला गेल्या. मी केळुसकरांची बायको, त्यांना एवढ्यात सोडू नका, ते अजून बरे झालेले नाहीत, असं त्यांनी सांगितलं. रोझीमावशींनी त्यांना ओट्यावर बसवलं, सुकेळी दिली आणि निरखून पाहिलं.

"घरी बोलत नाय?"

"नाही."

"भांडन होतं?"

जयवंतीबाईंनी पदर सारखा केला. "होतं."

"कोन काढतं?"

तीस वर्षांच्या संसारात जे त्यांनी सासूपुढे कबूल केलं नव्हतं, ते जयवंतीबाईंनी नवऱ्याच्या भल्यासाठी डोळे मिटून कबूल केलं. "मीच," त्या म्हणाल्या.

रोझीमावशींनी त्यांची चांगली कानउघाडणी केली. नवऱ्याला वेळेवर खायला घालायला काय जातं, चार शब्द गोड बोलायला काय जातं. जयवंतीबाई मान खाली घालून ऐकत राहिल्या आणि ऐकता ऐकता त्यांनी सुकेळीची बशी रिकामी केली. ते पाहून रोझीमावशींना त्या घराबद्दल आणखीच काळजी वाटली. संध्याकाळी त्यांनी केळुसकरांना शनिवार-रविवारसुद्धा यायला सांगितलं.

"तब्येत बिघडलीय तिची," केळुसकरांनी घरी येऊन सांगितलं. "माझ्याशिवाय एक दिवस निघत नाही आता."

"जा हो, जा," जयवंतीबाई म्हणाल्या.

हे असं कितीही दिवस चाललं असतं, पण मुंबईच्या ज्या ट्रस्टचा संस्थेला आधार होता तिथल्या एक बाई काम पाहायला आल्या. एकटी व्यक्ती आणि तिचा स्वयंसेवक असं दोघांनाही प्रत्यक्ष भेटायचं, असा त्यांचा आग्रह. स्वप्नाकडे जोडी एकच होती. आपणच बोलत राहायचं, त्या दोघांना बोलायची संधीच द्यायची नाही आणि मग बाईंना वसईचा किल्ला दाखवायला न्यायचं, असं ठरवून ती त्यांना वटारला घेऊन गेली.

बाई सुती साडीतल्या, शांत, मऊ आवाजाच्या होत्या. त्यांनी स्वप्नाचं सगळं ऐकून घेतलं आणि रोझीमावशींकडे वळल्या.

"हे यायला लागल्यापासून तुम्हाला बरं वाटतं का?"

"मला काय झालंय?" रोझीमावशी म्हणाल्या. "यांना विचारा. आले तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता. आता गाल बघा कसे भरलेत."

केळुसकर बाईंच्या कानाशी वाकले. "त्यांना तसं वाटतं," ते हळूच म्हणाले. "वाटू द्यायचं असतं."

रोझीमावशी दुसऱ्या कानाशी वाकल्या. "हे असंच बोलतात. पन बोलतात हे काय कमी."

स्वप्नाने उजेड आहे तोवर किल्ला पाहून घेऊ म्हणून सुचवलं. बाईंना किल्ल्यात रस राहिला नव्हता. त्यांनी दोघांकडे पाहून सरळ विचारलं, "तुमच्यापैकी एकटं कोण आहे?"

रोझीमावशींचं बोट केळुसकरांकडे गेलं. केळुसकरांचं बोट रोझीमावशींकडे गेलं. दोन्ही बोटं हवेत तशीच राहिली.

केळुसकर आधी हसले. "अहो रोझीबाई, मी संस्थेतर्फे येतो तुमच्याकडे. तुमच्यासाठी. तुमचा तो वाफासुद्धा मीच स्वच्छ ठेवलाय ना."

"तो वाफा तुमचाच आहे," रोझीमावशी सरळपणे म्हणाल्या. "फेबियन रोज सकाळी लावतो. तुम्हाला उपटायला."

केळुसकरांनी वाफ्याकडे पाहिलं. वाफा नुकताच लावलेला होता आणि शेजारच्या सगळ्या वाफ्यांत गुडघाभर भाजी उभी होती. त्यांनी बोट खाली घेतलं, मग हात मांडीवर ठेवले. एवढा मोठा माणूस, पण त्या खुर्चीत पहिल्या दिवशी बसला होता तसाच गप्प बसला.

रोझीमावशींनी ते तोंड पाहिलं. त्यांना सगळं कळलं की नाही कोण जाणे, पण आपण काहीतरी मोडलं एवढं त्यांना नक्की कळलं.

"ओ बाई, मी चुकीचं बोलले," त्या ट्रस्टच्या बाईंना घाईने म्हणाल्या. "एकटी मीच आहे. रुडॉल्फ तिकडे, मी इकडे. हे येतात म्हनून चूल पेटते. नायतर मी संध्याकाळची चहावर भागवते."

"नाही," केळुसकर म्हणाले. "त्यांचंच बरोबर आहे. मी रिटायर झाल्यावर ऑफिसातून एकदा फोन आला होता, एका कपाटाची किल्ली कुठे आहे म्हणून. शेजाऱ्यांकडे आला होता, मी धावत गेलो. त्यानंतर मला कोणी काही विचारलेलं नाही. एकटा मीच."

"मी म्हनते ना, मी आहे."

"नाही हो रोझीबाई, मी."

बाईंनी आधी एकाकडे, मग दुसऱ्याकडे पाहिलं. मग त्या स्वप्नाला म्हणाल्या की काम खरोखर चांगलं आहे, एकटी माणसं एकमेकांना मोकळेपणाने हे सांगतात असं त्यांनी कुठे पाहिलं नव्हतं. फक्त एक गोष्ट राहून गेलीय. इथे गरजू दोन आहेत आणि स्वयंसेवक कोणीच दिसत नाही. तेवढी सोय सोमवारपासून करावी.

"करते," स्वप्ना म्हणाली. तिने इकडेतिकडे पाहिलं. कुंपणापलीकडे फेबियन होता, तो लगबगीने घरात गेला. "मीच येईन."

सोमवारी चारच्या एसटीने स्वप्ना वटारला उतरली. सकाळी अंधारातच उठून तिने डबे केले होते, शाळा केली होती, वह्या तपासल्या होत्या. ओट्यावर दोघं आधीच बसलेले होते. केळुसकरांनी उठून सावलीतली खुर्ची तिला दिली. आज काय काय बोलायचं ते तिने एसटीत जुळवून ठेवलं होतं.

"दुपारी जेवलीस का गं, बाय?" रोझीमावशींनी विचारलं.

स्वप्नाला आठवावं लागलं. जेवली नव्हती. रोझीमावशी आत गेल्या आणि रोट्या घेऊन आल्या. पहिली रोटी स्वप्नाने भराभर संपवली. मग तिने दवाखान्यामागच्या त्या खोलीत पावसात कशी गळती लागते ते सांगितलं. मग सांगितलं की लोक टाळ्या वाजवतात आणि नावं देतात, आणि गरज लागली की घरी नसतात. सासूबाई विचारतात की दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांसाठी वेळ आहे, आमच्यासाठी कधी. नवरा काही म्हणत नाही, आणि तेच जास्त लागतं. बोलता बोलता मध्येच तिला रडू फुटलं, तेव्हा केळुसकरांनी नुसतं पाण्याचं भांडं पुढे सरकवलं. रोझीमावशी "असं?" म्हणाल्या आणि आणखी एक रोटी वाढली.

परतीची एसटी कधी येऊन गेली ते तिला कळलंच नाही. पुढच्या एसटीसाठी ती डोळे पुसत रस्त्याकडे निघाली. ती केळींच्या आड होईपर्यंत दोघं ओट्यावर उभे राहून बघत होते.

"या पोरीला वेळ लागेल," रोझीमावशी म्हणाल्या.

"हो," केळुसकर म्हणाले. "शनिवार-रविवारपण बोलवू या."